एएनएच्या टेबलावर पहिल्यांदा बसताना

डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका पूर्ण करून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर जी मुले-मुली कोल्हापुरातल्या प्रयोगशाळांमध्ये रुजू होतात, त्यांना रक्तातली साखर, क्रिएटिनिन किंवा सीबीसी यांची फारशी धास्ती नसते, कारण तिथे यंत्र आकडा देते आणि आपण तो तपासून पुढे पाठवतो. एएनएच्या, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीन्यूक्लिअर अँटिबॉडी) शोधणाऱ्या रक्तचाचणीच्या, टेबलाशी मात्र नवा माणूस हमखास बिचकतो. तिथे काचेची एक स्लाइड असते, अंधारी खोली असते, हिरवा उजेड असतो आणि त्या उजेडाला काय म्हणायचे ते आपल्याच डोळ्यांनी ठरवायचे असते. राजारामपुरीतल्या एका प्रयोगशाळेत या टेबलावर बरीच वर्षे काढल्यानंतर नव्यांना मी जे तोंडी सांगत आले आहे, ते इथे कामाच्या क्रमाने लिहून ठेवत आहे. किटसोबत येणाऱ्या माहितीपत्रकाची जागा हा लेख घेऊ शकत नाही; किट बदलले की वेळा आणि विरलने, म्हणजे नमुना पातळ करण्याची प्रमाणे, बदलतात, म्हणून नव्या किटचे पत्रक पहिल्या दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

आपण नेमके काय शोधतो

प्रतिपिंडे ही मुळात बाहेरून येणाऱ्या जंतूंसाठी तयार होणारी प्रथिने. काही आजारांत शरीर ती स्वतःच्याच पेशींतल्या घटकांविरुद्ध तयार करते आणि मग त्यांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिने असतात, आरएनएला धरून राहणारी प्रथिने असतात, डीएनएचा पीळ सोडवणारी विकरे असतात. यांपैकी कशाच्याही विरुद्ध प्रतिपिंड असले की एएनए चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. म्हणजे एएनए हे एका प्रतिपिंडाचे नाव नसून कुळाचे नाव आहे, आणि करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात उतरून नुसते “पाटलांचे घर कुठे?” असे विचारल्यावर जे उत्तर मिळेल, तेवढेच उत्तर ‘एएनए पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांत असते. कोणते पाटील, हे पुढे विचारावे लागते. या टेबलावरचे सगळे काम त्या पुढच्या प्रश्नासाठी आहे.

थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपस या, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक चमत्कारिक पेशी दिसली, जिने दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळून टाकले होते. तीच एलई सेल. १९५७ मध्ये फ्राऊ यांनी प्रतिदीप्त रंगाचा वापर करून केंद्रकाला चिकटलेली प्रतिपिंडे थेट दाखवली आणि आज आपण वापरतो ती पद्धत तिथून सुरू झाली. एलई सेलची चाचणी आता कालबाह्य झाली आहे. चिठ्ठीवर चुकून तसे लिहून आलेच, तर डॉक्टरांना फोन करून एएनए हवी आहे का, ते विचारावे.

चिठ्ठी आधी, नळी नंतर

नवा माणूस नळी हातात घेतो आणि कामाला लागतो. तुम्ही आधी चिठ्ठी वाचा. वय, लिंग आणि तक्रार या तीन गोष्टी नसतील तर त्या विचारून लिहून घ्याव्यात, आणि त्याखेरीज आणखी तीन प्रश्न मी आमच्या रक्तसंकलन खिडकीवर कायमचे लावून दिले आहेत.

पहिला प्रश्न औषधांचा. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड आणि रक्तदाबावरचे हायड्रालाझिन यांसारख्या औषधांनी एएनए पॉझिटिव्ह होऊ शकते आणि क्वचित ल्युपससारखा आजारही दिसू शकतो, ज्यात हिस्टोनविरुद्धची प्रतिपिंडे आढळतात. आपल्याकडे क्षयाचे उपचार घेणारे रुग्ण कमी नाहीत, म्हणून हा प्रश्न पुस्तकी समजू नये.

दुसरा प्रश्न गर्भारपणाचा. त्याचे कारण पुढे येईल.

तिसरा प्रश्न व्यवसायाचा, आणि तो कोल्हापुरात विशेष महत्त्वाचा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री किती आहेत, हे इथे कोणाला सांगायला नको. वाळूचे साचे बनवताना आणि फोडताना बारीक सिलिका श्वासात जाते आणि सिलिकाचा स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजाराशी असलेला संबंध जुना आहे: एडिंबरोच्या ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्ये तो दगडफोड्या कामगारांत नोंदवला, तर दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांविषयी एरास्मस यांनी १९५७ मध्ये लिहिले. पन्नाशीतल्या पुरुषाच्या चिठ्ठीवर ‘बोटे पांढरी पडतात’ असे असेल आणि तो फाउंड्रीत साचेकाम करत असेल, तर ही एक ओळ डॉक्टरांच्या फार उपयोगाची ठरते. ती त्यांनीच विचारली असेल असे गृहीत धरू नये, कारण दवाखान्यात रुग्ण ‘नोकरी’ एवढेच सांगतो.

नमुना

एएनएसाठी सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, लागते. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी चालते. उपाशीपोटी येण्याची आवश्यकता नाही, तरीही लोक उपाशी येतात आणि बाहेर बाकावर चक्कर येऊन बसतात. नोंदणीच्या वेळीच सांगून टाकावे. मात्र भरपेट जेवणानंतर घेतलेले सीरम दुधाळ असेल, किंवा रक्तपेशी फुटून ते लालसर झाले असेल, तर दुसरा नमुना मागवावा.

गारगोटी, गडहिंग्लज, चंदगडकडचे नमुने आमच्याकडे दुपारनंतर येतात. रक्त गोठल्यावर ते तिथेच सेंट्रिफ्यूज करून, सीरम वेगळ्या नळीत काढून, बर्फाच्या डब्यातून पाठवावे, असा आग्रह धरावा. न फिरवलेली नळी एसटीतून घाटातले धक्के खात आली की ती फुटलेल्या पेशींनी लाल होऊनच पोहोचते. सीरम २ ते ८ अंश सेल्सिअसला काही दिवस चांगले राहते. त्याहून जास्त ठेवायचे असेल तर उणे २० अंशांना गोठवावे आणि पुन्हा पुन्हा वितळवू-गोठवू नये.

विरलन: दहा मायक्रोलिटरची गोष्ट

एएनएचा अहवाल १:८०, १:१६०, १:३२० अशा पायऱ्यांत दिला जातो. याचा अर्थ असा की सीरम इतके पातळ केल्यावरही चमक दिसली. पायरी जितकी पुढची, तितके प्रतिपिंड जास्त. १:८० करण्यासाठी १० मायक्रोलिटर सीरम आणि ७९० मायक्रोलिटर बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, घ्यावे लागते. हे गणित सोपे आहे, हात मात्र सोपा नाही. पिपेटची टिप सीरममध्ये खोल बुडवली की तिच्या बाहेरच्या बाजूला एक थेंब लटकतो, आणि तो दोन मायक्रोलिटरचा जरी असला तरी आपण दहाऐवजी बारा मायक्रोलिटर टाकलेले असते. मग कागदावर १:८० लिहिलेले विरलन प्रत्यक्षात १:६७ च्या आसपास असते. टिप सीरमच्या पृष्ठभागाखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बुडवावी, ओढून घेतल्यावर नळीच्या काठाला हलकेच टेकवावी, बाहेरची बाजू टिश्यूने पुसावी, पण टिश्यू टोकाला लागू देऊ नये, नाहीतर आतले सीरम तो शोषून घेतो. पहिला आठवडा नव्या माणसाने फक्त हेच करावे, असे माझे मत आहे. आमच्याकडे मुले याला कंटाळतात, कंटाळू द्यावे.

बफर किटमधल्या पुडीपासून बनवायचा असेल तर त्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच घ्यावे. जारचे पिण्याचे पाणी ‘शुद्धच असते की’ म्हणून वापरणारे मी पाहिले आहेत. बफरचा पीएच ७.२ ते ७.४ च्या दरम्यान राहायला हवा आणि जारच्या पाण्यात काय आहे, ते आपल्याला माहीत नसते.

या पायऱ्यांना इतके जपायचे कारण १९९७ मध्ये टॅन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत आहे. निरोगी माणसांचे सीरम वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांमध्ये तपासल्यावर १:४० ला ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३.३ टक्के लोक पॉझिटिव्ह आले. म्हणजे १:४० ला ठणठणीत माणसांतला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस पॉझिटिव्ह. तुमच्या हाताने विरलन एक पायरी चुकले, तर एखादी निरोगी व्यक्ती रुग्णांच्या रांगेत जाऊन उभी राहते. उलट बाजूही लक्षात ठेवावी: ल्युपसच्या रुग्णांत एएनए इतकी सातत्याने सापडते की २०१९ च्या युरोपीय-अमेरिकी वर्गीकरण निकषांत निदान एकदा तरी १:८० किंवा त्याहून पुढची एएनए असणे ही प्रवेशाचीच अट आहे.

स्लाइडवरचे थर

स्लाइडवर गोल खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात हेप-२ नावाच्या मानवी पेशींचा एक थर चिकटवलेला असतो. या पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्यांच्यात विभाजन होत असलेल्या पेशीही भरपूर सापडतात. दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पातळ केलेले सीरम त्यांच्यावर घातले की प्रतिपिंडे आपापल्या जागी चिकटतात. धुतल्यावर कॉन्ज्युगेट घालायचे, म्हणजे मानवी आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांना चिकटणारे, एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग जोडलेले प्रतिपिंड. पुन्हा धुवायचे, माउंटिंग द्रव घालून काच ठेवायची. आमच्या किटमध्ये दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास खोलीच्या तापमानाला थांबावे लागते.

इथे तीन ठिकाणी नव्यांचा पाय घसरतो. स्लाइडचे पाकीट फ्रिजमधून काढून लगेच फोडू नये. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. कोल्हापूरच्या जुलैमधल्या दमट हवेत थंड काचेवर क्षणात दव धरते आणि पेशींचा थर बिघडतो. दुसरे म्हणजे धुताना बफरची धार थेट खळग्यावर सोडू नये, शेजारून वाहू द्यावी, नाहीतर पेशी निघून येतात आणि एका खळग्यातले सीरम दुसऱ्यात जाते. तिसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

माझा पहिलाच उन्हाळा होता. एप्रिलमधली दुपार, वर पंखा जोरात, आणि ओलसर डब्यात ठेवायच्या स्लाइड मी ‘अर्ध्याच तासाचा प्रश्न आहे’ म्हणून उघड्या ट्रेमध्ये ठेवल्या. अंधाऱ्या खोलीत पाहिले तर अकरापैकी नऊ नमुने चमकत होते. मी आनंदाने नऊ पॉझिटिव्ह लिहिले. आमच्या वरिष्ठ बाईंनी वही पाहिली, स्लाइड पाहिली आणि एवढेच विचारले, “खळग्याच्या कडेला आणि मध्ये सारखेच दिसते का?” दिसत नव्हते. कडेच्या पेशी भगभगीत हिरव्या आणि मधल्या काळसर होत्या, कारण कडेने सीरम वाळले होते. निगेटिव्ह कंट्रोलची, म्हणजे निगेटिव्ह असल्याचे आधीच माहीत असलेल्या नमुन्याची, कडही तशीच चमकत होती आणि मी तो नीट पाहिलाच नव्हता. सगळी स्लाइड पुन्हा लावल्यावर दोनच पॉझिटिव्ह निघाले. तेव्हापासून झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूची घडी ठेवल्याशिवाय आणि त्या टेबलावरचा पंखा बंद केल्याशिवाय आमच्याकडे एकही थेंब टाकला जात नाही.

कॉन्ज्युगेट उजेडापासून जपावे. बाटलीला फॉइल गुंडाळावी आणि दुसरी अर्धा तासाची पायरी झाकूनच करावी.

अंधारात

खोलीत शिरल्यावर लगेच वाचायला बसू नये. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटे द्यावीत, आणि त्या वेळात मोबाइल पाहू नये, हे आजकाल वेगळे सांगावे लागते. सुरुवात नेहमी कंट्रोलपासून करावी. निगेटिव्ह कंट्रोल काळपट हवा, पॉझिटिव्ह कंट्रोलने आपला ठरलेला आकार आणि ठरलेली पायरी दाखवायला हवी. एका पायरीचा फरक चालतो, दोनचा नाही. कंट्रोल बिघडला असेल तर त्या दिवशीचा एकही निकाल देऊ नये, मग बाहेर कितीही घाईचा फोन येवो.

आता नमुना. चाळीसच्या भिंगाखाली तुम्हाला दोन प्रकारच्या पेशी दिसतील: बहुतेक पेशी विश्रांतीत असलेल्या, गोल केंद्रकाच्या, आणि अधूनमधून विभाजनाच्या मधल्या टप्प्यातल्या, ज्यांत गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एका पट्टीत गोळा झालेली असतात. नवा माणूस पहिल्या प्रकाराकडे पाहून उत्तर देतो. जाणता माणूस दुसऱ्या प्रकारची पेशी सापडेपर्यंत स्लाइड सरकवत राहतो. त्या पट्टीत चमक आहे की नाही, यावर अर्ध्याहून अधिक निवाडा अवलंबून असतो.

आकार शिकवताना मी स्वयंपाकघराचा आधार घेते. केंद्रक सगळीकडे सारखेच, चांदीच्या रुपयासारखे भरून चमकत असेल आणि विभाजनातली पट्टीही तशीच झळझळीत असेल, तर तो एकसंध आकार. डीएनए, हिस्टोन आणि त्या दोहोंनी बनलेल्या न्यूक्लिओसोमविरुद्धची प्रतिपिंडे असा आकार दाखवतात. केंद्रकात बारीक रवा विखुरल्यासारखे ठिपके असतील आणि पट्टी मात्र काळी असेल, तर बारीक ठिपक्यांचा आकार. त्यामागे बरेचदा रो किंवा ला या प्रथिनांवरची प्रतिपिंडे असतात. ठिपके ज्वारीच्या कण्यांसारखे जाड असतील आणि पट्टी काळीच असेल, तर एसएम किंवा यू-वन आरएनपी या प्रथिनांवरच्या प्रतिपिंडांचा विचार करावा. मोजता येतील असे सुटे, सारख्या आकाराचे ठिपके, जणू ताटात मोहरी सांडली आहे, आणि विभाजनातल्या पेशीत तीच मोहरी एका ओळीत मांडल्यासारखी, तर तो सेंट्रोमियरचा, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाचा, आकार. हा एकच आकार असा आहे की तो एकदा नीट पाहिला की माणूस विसरत नाही आणि बहुधा चुकतही नाही. केंद्रकाच्या आत दोन-तीन गोळेच चमकत असतील तर त्या केंद्रिका आहेत, आणि स्क्लेरोडर्माच्या कुळातल्या आजारांत हा आकार दिसतो.

सगळ्यात जास्त फसवणारा आकार घट्ट बारीक ठिपक्यांचा आहे. विश्रांतीतल्या पेशीत तो बारीक रव्यासारखाच, जरा दाट दिसतो. पट्टी मात्र चमकते, आणि तीही एकसंध न चमकता ठिपक्या-ठिपक्यांनी. हा डीएफएस-७० नावाच्या प्रथिनावरच्या प्रतिपिंडाचा आकार. निरोगी लोकांत तो बऱ्यापैकी सापडतो, पुष्कळदा भरपूर पायऱ्यांपर्यंत सापडतो, आणि दुसरे कोणतेही स्वप्रतिपिंड सोबत नसेल तर ल्युपससारख्या आजाराची शक्यता कमीच असते. घाईत पट्टीची चमक पाहून ‘एकसंध’ लिहिले, तर तुम्ही डॉक्टरांना डीएनएच्या दिशेने पाठवता. विशीतल्या मुलीच्या बाबतीत या एका शब्दाने घरात काय होते, ते मी खिडकीवर बसून पाहिले आहे.

या आकारांना आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. २०१४ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलो येथील कार्यशाळेतून सुरू झालेल्या सहमतीनुसार एकसंध म्हणजे एसी-१, घट्ट बारीक ठिपके एसी-२, सेंट्रोमियर एसी-३, बारीक ठिपके एसी-४, जाड ठिपके एसी-५. अहवालात आकाराच्या नावापुढे हा क्रमांक लिहावा. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांकडे रुग्ण गेला तरी शब्दांचा घोळ होत नाही.

केंद्रक काळे आणि पेशीद्रव्य चमकणारे, असेही दिसते. तेव्हा ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे होऊ नये. स्नायूंच्या दाहाशी निगडित असलेले जो-१ हे प्रतिपिंड पेशीद्रव्यातल्या विकरावर बसते आणि यकृतातल्या पित्तनलिकांच्या एका आजारातली प्रतिपिंडे मायटोकॉन्ड्रियावर. दोन्हींची चमक केंद्रकाबाहेर असते. ती जशी दिसली तशी नोंदवावी.

कोणते पाटील, ते विचारताना

पुढची पायरी बहुतेक ठिकाणी पट्टीवरची चाचणी असते, जिला सगळे ‘ब्लॉट’ किंवा ‘ईएनए प्रोफाइल’ म्हणतात. कागदाच्या अरुंद पट्टीवर एकेक प्रथिन रेषेसारखे बसवलेले असते आणि ज्या रेषेवर रंग उमटतो, त्या प्रथिनावरचे प्रतिपिंड आहे असे समजतात. एसएम, रो, ला, जो ही नावे विचित्र वाटतात. ज्या रुग्णांच्या सीरममध्ये ती प्रतिपिंडे प्रथम ओळखली गेली, त्यांच्या नावांची ती आद्याक्षरे आहेत.

एसएम हे ल्युपससाठी फार नेमके प्रतिपिंड आहे, पण ते थोड्याच रुग्णांत सापडते. म्हणजे सापडले तर वजनदार, नाही सापडले तर काहीच सिद्ध होत नाही. दोन धाग्यांच्या डीएनएवरचे प्रतिपिंड, ज्याला आपण डीएसडीएनए म्हणतो, तेही तितकेच महत्त्वाचे, शिवाय त्याची पातळी आजाराच्या, विशेषतः मूत्रपिंडाच्या त्रासाच्या, चढउताराबरोबर पुष्कळदा बदलते, म्हणून डॉक्टर ते पुन्हा पुन्हा मागवतात. २०१९ च्या निकषांत या दोहोंपैकी एकाला ६ गुण आहेत आणि वर्गीकरणाला १० लागतात, तेही निदान एक लक्षण असताना. ब्लॉटवरची डीएसडीएनएची फिकट रेषा पुरेशी मानू नये. क्रिथिडिया या सूक्ष्मजीवावरची चाचणी किंवा एलायझा, म्हणजे यंत्रावर आकडा देणारी प्रतिपिंडांची चाचणी, सुचवावी. क्रिथिडियाच्या शेपटीच्या मुळाशी शुद्ध डीएनएचा एक छोटा गोळा असतो. तो चमकला तरच पॉझिटिव्ह म्हणायचे. नुसते केंद्रक चमकले तर नाही.

एससीएल-७० म्हणजे टोपोआयसोमरेज-१ या विकरावरचे प्रतिपिंड, सर्वांगभर पसरणाऱ्या स्क्लेरोडर्मात दिसणारे, ज्यात फुप्फुसांवर नजर ठेवावी लागते. सेंट्रोमियरचे प्रतिपिंड त्याच आजाराच्या मर्यादित प्रकारात जास्त. फाउंड्रीतल्या त्या साचेकाम करणाऱ्या माणसाच्या अहवालात एससीएल-७० ची रेषा गडद असेल, तर चिठ्ठीवरची व्यवसायाची ओळ अहवालातही उतरवावी.

रो या प्रतिपिंडाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे प्रथिन स्लाइड बनवताना पेशींतून अंशतः निघून जाऊ शकते, त्यामुळे एएनए निगेटिव्ह आणि ब्लॉटवर रो पॉझिटिव्ह असे घडते. ती तुमची चूक असेलच असे नाही. तोंड आणि डोळे कोरडे पडण्याची तक्रार चिठ्ठीवर असेल तर निगेटिव्ह एएनएनंतरही डॉक्टर रो मागवू शकतात, तेव्हा आश्चर्य वाटू देऊ नये. दुसरी गोष्ट गर्भवतींची. हे प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत जाते आणि अशा शंभर गर्भारपणांपैकी सुमारे दोनमध्ये बाळाच्या हृदयाचे ठोके मंद करणारा अडथळा निर्माण होतो, तोही बहुधा १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान. म्हणून चिठ्ठीवर गर्भारपण लिहिलेले असेल आणि रोची रेषा उमटली, तर अहवाल छापून येण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा आणि फोनची वेळ वहीत लिहावी.

एएनए निगेटिव्ह असताना आणि विशेष संशयही नसताना कोणी सगळे प्रोफाइल मागवले, तर पैसे मिळतात म्हणून ते मुकाट्याने लावू नये. ही चाचणी स्वस्त नाही, आणि वीस रेषांपैकी एखादी फिकट रेषा कोणाच्याही पट्टीवर उमटू शकते.

अहवाल आणि खिडकी

अहवालात चार गोष्टी हव्यातच: पद्धत, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्स (स्लाइडवरची चमक) की एलायझा, शेवटची चमकणारी पायरी, आकार आणि त्याचा क्रमांक, आणि आपल्या प्रयोगशाळेत कोणत्या पायरीपासून पॉझिटिव्ह म्हणतात ते. पद्धत न लिहिणे हा आपल्याकडचा जुना दोष आहे. एकीकडे एलायझाने निगेटिव्ह आणि दुसरीकडे स्लाइडवर १:३२० असे दोन अहवाल घेऊन रुग्ण येतो आणि ‘कोणाचे खोटे’ म्हणून भांडतो. दोन्ही खरे असू शकतात. दोन वेगळ्या चाचण्यांना एकच नाव दिलेले असते, एवढेच.

एकदा पॉझिटिव्ह आलेली एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करण्यात अर्थ नसतो, कारण तिची पायरी आजाराची तीव्रता सांगत नाही. रुग्ण स्वतःहून ‘कमी झाले का बघा’ म्हणून आला, तर त्याला तसे सांगून डॉक्टरांकडे पाठवावे.

खिडकीवर सर्वांत अवघड प्रसंग येतो तो अहवाल देण्याचा. कागल भागातून आलेले एक गृहस्थ मुलीचा कागद उलटसुलट करून मला म्हणाले होते, “ताई, पॉझिटिव्ह लिवलंय, म्हंजे पोरीला काय झालंय म्हणायचं?” मोबाइलवर त्यांनी आधीच काही वाचले होते आणि डोळ्यांत पाणी होते. निदान सांगणे आपले काम नाही, आणि ‘काही नाही हो, घाबरू नका’ म्हणणेही आपले काम नाही, कारण ते आपल्याला ठाऊक नसते. “काका, हा कागद एकटा काही सांगत नाही. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत, काही संसर्गांत आणि चांगल्या धडधाकट माणसांतही हा पॉझिटिव्ह येतो. मुलीला तपासून, लघवी आणि बाकीचे रक्त पाहून डॉक्टर ठरवतील. हा घेऊन आजच त्यांना भेटा.” एवढे बोलावे आणि थांबावे. तिचा आकार एसी-२ होता, पायरी १:३२०.

राहिलेले

किटचा साठा जुलै आणि ऑगस्टमध्ये दुप्पट ठेवावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, आणि थंड साखळीतून येणारी किट वाटेतल्या गोदामात अडकली की ती नंतर पोहोचली तरी वापरावीत की नाही, हा प्रश्न उरतोच. अशा खोक्याचे तापमानदर्शक लेबल पाहिल्याशिवाय सही करून घेऊ नये.

पॉझिटिव्ह खळग्याचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे, कारण एफआयटीसीची चमक उजेडात आणि दिवसागणिक ओसरते. उरलेले सीरम छोट्या नळीत, नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहून, उणे २० अंशांना ठेवावे. नळीवर बॉलपेनने लिहू नये, गोठल्यावर ते पुसले जाते. मार्करने लिहून वर पारदर्शक टेप लावावी. तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन येतो, “त्या मुलीचे सीरम आहे का, डीएसडीएनए लावता येईल का?” तेव्हा फ्रीझरचा खण उघडून हात थेट त्या नळीवर जायला हवा.